बहारीनमधला एक जण

खुरसाची वाडी, मालवण
१० जानेवारी २०२४

प्रिय वेनेसा,

पाकीट बघून दचकू नकोस, आम्ही सगळे धडधाकट आहोत. हातात फोन असताना मावशी पत्र का लिहिते, असं तुला वाटेल. त्याचं कारण तुझे पेद्रू अंकल. चॅपेलच्या कॉयरमध्ये आयुष्यभर व्हायोलिन वाजवलेल्या माणसाचे कान आहेत ते. मी परसात जाऊन कुजबुजले तरी ओटीवरून विचारतो, "कोणाचो फोन गो?" तेव्हा उत्तर चॅपेलच्या पत्त्यावरच पाठव. पोस्टमन माझ्या हाताखाली शिकलेला आहे, पाकीट माझ्याच हातात देईल.

काम असं आहे. आमच्या सांत आना चॅपेलतर्फे आम्ही काही बायका वाडीतल्या एकट्या म्हाताऱ्या माणसांना दुपारचा डबा पोचवतो. त्यात हिंदू-ख्रिस्ती बघत नाही. ज्याची पोरंबाळं मुंबईला नाहीतर आखातात गेली, त्याच्या दारात डबा. पण आता तांदूळ-नारळ देणारी घरंही रिकामी होत चालली आहेत. फादर म्हणतात, फेसबुकवर पान काढा. त्यांना वाटतं, पान काढलं की लगेच वर तांदूळ येऊन पडतात. तू संस्थांची असली पानं चालवून पोट भरतेस, तर मावशीला चार अकलेच्या गोष्टी सांग.

आणखी एक. चॅपेलमधली रविवारची मिस्सा लाइव्ह दाखवता येते म्हणे. ती परदेशातही दिसते का? आणि समजा कोणाला आपलं नाव न कळवता नुसतं बघत बसायचं असेल, तर बसता येतं का? सहज विचारते.

आर्मिंदाचा खोकला कसा आहे? माझ्या बहिणीला डॉक्टरकडे न्यायचं म्हणजे बैलाला होडीत चढवण्यासारखं आहे, पण ने.

तुझी,
लिलियन मावशी


पुणे
२४ जानेवारी २०२४

लाडक्या मावशी,

तुझं अक्षर बघून मला फळ्यासमोर उभं राहिल्यासारखं वाटलं. आई पत्र वाचून हसली आणि मग खोकली. पुढच्या आठवड्यात तिला तपासायला नेते आहे.

आता धंद्याचं बोलते. प्रत्येक पोस्टमध्ये मागणं मागू नका. मागणारं पान लोक बघत नाहीत. डबा कोणाकडे जातो, कोण रांधतं, आज काय केलं, ते दाखवा. ज्याचा फोटो काढाल त्याला आधी विचारा, आणि तो नको म्हणाला तर तिथेच विषय संपवा. कोणी काही लिहिलं तर उत्तर द्या, पण देवासाठी लोकांचं शुद्धलेखन तपासत बसू नकोस. मी तुला ओळखते. आणि दुःखाच्या पोस्टी एकापाठोपाठ एक टाकू नका.

लाइव्ह जगात कुठेही दिसतं, आणि बघणाऱ्याचं नाव आपल्याला कळत नाही. फक्त कुठल्या देशातून किती जणांनी बघितलं, तेवढं मागाहून समजतं. फोन मागे दाराशी लावू नका. पुढे डाव्या खांबाजवळ लावा, म्हणजे बाकांवरचे चेहरे दिसतील. लांब गेलेली माणसं अल्तार बघायला येत नाहीत, आपली माणसं बघायला येतात. कॉयर मागच्या माळ्यावर असल्यामुळे ती चित्रात येणार नाही, पण आवाज छान येईल.

पान मी इथून काढून देते. आखातातल्या मालवणी लोकांचे ग्रुप आहेत, तिथेही लिंक टाकते. तुमच्या डब्याला तिकडून मदत मिळू शकेल.

वेनेसा


खुरसाची वाडी
१२ मार्च २०२४

प्रिय वेनेसा,

आम्ही जगप्रसिद्ध झालो. फोन उभा करायला काही नव्हतं, तेव्हा पेद्रूने आपलं नोटेशनचं स्टँड आणून दिलं. "माका कागद बघूक लागणत नाय," म्हणाला. त्यावर दोन रबर लावून फोन बसवला. पहिल्या रविवारी अर्धी मिस्सा आडवी दिसली. दुसऱ्या रविवारी शेजारच्या कॅथरिनच्या पोराचं डोकं. तिसऱ्या रविवारपासून चेहरे दिसतात आणि मागून पेद्रूचं व्हायोलिन ऐकू येतं. मी पहिल्या बाकावर खांबाच्या बाजूला बसते, म्हणजे काही बिघडलं तर हात पोचतो.

सुगंधा आजीकडे डबा घेऊन गेले आणि फोटो काढू का म्हणून विचारलं. म्हणाली, "रव, नथ घालतंय." त्या नथीसकटच्या फोटोला इतकी माणसं भाळली की वसईहून एका बाईंनी तांदूळ पाठवले. तुझी विद्या खरी आहे.

पण गेल्या आठवड्यात कोणी अनोळखी लोक येऊन घाण लिहून गेले. डबा देऊन आम्ही माणसं बाटवतो म्हणे. ज्यांच्या नावाने ते लिहितात त्या सुगंधा आजीच्या तुळशीला पाणी मीच घालते, तिच्याने वाकवत नाही म्हणून. मी उत्तर लिहायला बसले होते, शुद्धलेखनासकट. फादरांनी फोन काढून घेतला. यावर काही उपाय असला तर कर.

आणि कुठल्या देशातून बघतात ते तुला समजतं ना? जरा बघून कळव. आखातातलं विशेषकरून.

लिलियन मावशी


पुणे
२५ मार्च २०२४

लाडक्या मावशी,

उपाय केला आहे. ज्या खात्याला फोटो नाही, जे नुकतंच उघडलेलं आहे, त्याने लिहिलेलं आता पानावर दिसणारच नाही. ते आपोआप एका बाजूला जाऊन पडतं. शिव्या देणारे बहुतेक असल्याच खात्यांतून येतात. ती अडगळ मी अधूनमधून चाळत जाईन. तू त्यात हात घालू नकोस, तुझं ब्लडप्रेशर वाढेल.

आकडे बघितले. मुंबई, वसई, गोवा, थोडे लंडनचे. आखातात म्हणशील तर बहारीनमधून एकच जण आहे. पण गंमत बघ, तो एकही रविवार चुकवत नाही. सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघतो. असा माणूस पुढे मोठा देणगीदार होतो, हा माझा अनुभव आहे. त्याला उद्देशून एखादी पोस्ट टाकूया का? "बहारीनच्या आमच्या मालवणी बंधूंना" अशी?

आईचे रिपोर्ट चांगले आले नाहीत. फोनवर मी तुला साधंच सांगितलं, कारण ती समोर बसली होती. मावशी, फुप्फुसात आहे. तू लगेच धावत येऊ नकोस, ती घाबरेल. पण तयारीत राहा.

वेनेसा


खुरसाची वाडी
६ एप्रिल २०२४

वेनेसा बाळा,

आर्मिंदासाठी रोज रोजरी करते आहे. तू म्हणशील त्या दिवशी निघेन. पिशवी भरून ठेवली आहे.

बहारीनसाठी पोस्ट टाकू नकोस. त्याला घाबरवू नकोस. वेनेसा, तो केव्हिन आहे.

तुला सगळं ठाऊक नाही. पाच वर्षांपूर्वी पवित्र आठवड्यात, अगदी गुड फ्रायडेच्या दिवशी, केव्हिन तारकर्लीच्या एका हॉटेलात बँडबरोबर व्हायोलिन वाजवायला गेला. मुंबईहून आलेल्या पाहुण्यांसाठी. पेद्रूच्या घरात त्या दिवशी रेडिओसुद्धा लागत नाही. ईस्टरच्या सकाळी केव्हिन कॉयरच्या माळ्यावर चढला तेव्हा पेद्रूने सगळ्यांसमोर त्याच्या हातातलं व्हायोलिन काढून घेतलं. "हय तुझा काम नाय," एवढंच बोलला. पोरगा जिना उतरून गेला तो गेलाच. आधी गोवा, मग बोट, आणि दोन वर्षांपूर्वी कोणीतरी त्याला बहारीनच्या हॉटेलात वाजवताना बघितलं. नंबर बदलला. त्या दिवसापासून आमच्या घरात त्याचं नाव निघत नाही. बापलेक दोघेही एकाच मातीचे.

डब्यांसाठी पान हवं होतं हे खोटं नाही. पण मला माझा मुलगा हवा होता. म्हणून मी पहिल्या बाकावर बसते, खांबाच्या बाजूला. म्हणून दर रविवारी वेगळी साडी नेसते. त्याला कळू दे, आई बरी आहे, चालते-फिरते आहे. त्याने नुसतं बघत राहावं, मला तेवढ्यावर जगता येतं.

काल जेवताना मी पेद्रूला बोलले, "बहारीनसून एकजण दर आयताराक बघता." तो आमटी ओरपत राहिला. पण आज सकाळी मालवणला जाऊन व्हायोलिनच्या नव्या तारा घेऊन आला. मी विचारलंसुद्धा नाही.

लिलियन मावशी


पुणे
१४ जून २०२४

लाडक्या मावशी,

तू गेल्यापासून घर बोलत नाही. आई गेली त्या दिवशी तू नसतीस तर तिला कुठली साडी नेसवायची एवढंही मला सुचलं नसतं. महिन्याची मिस्सा इथेच ठरवली आहे, एकोणतीस तारखेला. तुम्ही दोघं या, जमलं तर.

तू निघताना विचारलंस, आर्मिंदाचं पानावर टाकू का. नको, मावशी. दिवसभर मी लोकांच्या दुःखाचे फोटो कापून-छाटून पानांवर लावते. माझ्या आईखाली हात जोडलेली चिन्हं मोजत बसणं मला जमणार नाही. वाडीत कोणाला सांगायचं ते तोंडाने सांग.

तुमच्या पानाकडे सध्या माझं लक्ष नाही. रविवारचं लाइव्ह तुम्ही नेहमीसारखं करत राहा. मी थोडी सावरले की बघेन.

वेनेसा


खुरसाची वाडी
१८ ऑगस्ट २०२४

वेनेसा बाळा,

तुझ्या सांगण्याप्रमाणे पानावर काही टाकलं नाही. मी सहा महिने काळं नेसणार आहे. सख्ख्या बहिणीसाठी आमच्यात तसंच करतात. पेद्रूनेही त्याच्या बापाची रीत पाळली. घरात मयत झालं की महिन्याच्या मिस्सेपर्यंत व्हायोलिन पेटीतून काढायचं नाही. जूनभर चॅपेलमध्ये नुसती गाणी झाली, वाजवणारा माळ्यावर हात बांधून बसून. तुझ्या आईला तो "मेव्हणी" कधीच म्हणायचा नाही, "बाय" म्हणायचा, बहिणीला म्हणतात तसं.

तुला हात जोडून विचारते, रागावू नकोस. बहारीनचा माणूस अजून येतो का? फादरांच्या भाच्याने आकडे काढून दाखवले, त्यात मला तो दिसला नाही. त्याला नीट बघता येत नसेल म्हणून तुला विचारते.

कारण सांगते. जुलैत व्हायोलिन पेटीबाहेर आलं तेव्हा पहिल्या रविवारी पेद्रूने कॉयरला न सांगता एक जुनं मोतेत, चॅपेलमधलं प्रार्थनेचं गाणं, वाजवलं. केव्हिन सात वर्षांचा असताना त्याला पहिलं शिकवलं होतं ते. खाली बसून माझ्या डोळ्यांना धार लागली. घरी येताना हा मला विचारतो, "आज तो इल्लो?" तो म्हणजे कोण, हे मीही विचारलं नाही. तेव्हापासून दर रविवारी तेच वाजवतो आणि दर रविवारी तेच विचारतो. मी दोनदा खोटं बोलले, हो म्हणून. तिसऱ्यांदा माझ्या तोंडावरून त्याने ओळखलं.

लिलियन मावशी


पुणे
५ सप्टेंबर २०२४

लाडक्या मावशी,

बघितलं. जून महिन्यातल्या तिसऱ्या रविवारनंतर बहारीनमधून कोणीच नाही. खोटं सांगून तुला बरं वाटणार नाही म्हणून सांगते.

पण यात वाईट काही समजू नकोस. हॉटेलवाल्यांच्या ड्यूट्या बदलतात. रविवार सकाळ त्याची सुटली असेल. किंवा तो दुसऱ्या देशात गेला असेल. माझ्या कामात मी हे रोज बघते, माणसं येतात आणि जातात, त्यामागे काही मनातलं नसतं.

मी अजून कामावर अर्धीच जाते. आईच्या चपला दारात आहेत, त्या उचलायच्या राहिल्या आहेत.

वेनेसा


खुरसाची वाडी
३१ जानेवारी २०२५

वेनेसा,

तू पेद्रूच्या मातीला येऊन गेलीस, तेव्हा घरात इतकी माणसं होती की आपण दोघी धड रडलोसुद्धा नाही. आता घरात मी आणि मांजर. आता फोनवर कोणी ऐकणारं नाही, तरी मला पत्रच लिहावंसं वाटतं. सवय झाली.

डॉक्टरांनी हृदय म्हटलं. मी तुला खरं सांगते. ऑक्टोबरमध्ये एका रविवारी मिस्सा संपल्यावर पेद्रू माळ्यावरून खाली आला, व्हायोलिन पेटीत घातलं, आणि बोलला, "माझा वाजवणा आयकल्यान आणि उठान गेलो." मी म्हटलं, असं नसतं रे. तो बोलला, "मी तेका माळ्यावरसून उतरयलंय. आता तेणा माका उतरयल्यान." त्यानंतर त्याने तारेला हात लावला नाही. नाताळातसुद्धा नाही. जेवण कमी झालं, चालणं कमी झालं. माणूस असा पायरीपायरीने खाली गेला, आणि मला त्याला धरून ठेवता आलं नाही.

आता एक कर. पेद्रूचा तो कोट घातलेला फोटो तुझ्याकडे आहे, तो पानावर टाक. १४ जानेवारी लिही. केव्हिन बघत नसेल, पण आखातातला कोणीतरी बघेल आणि त्याच्या कानावर घालेल. बाप गेल्याचं तरी पोराला कळायला हवं.

लिलियन मावशी


पुणे
९ फेब्रुवारी २०२५

मावशी,

हे पत्र बसून वाच. कोणीतरी सोबत असेल तेव्हाच वाच.

अंकलचा फोटो टाकायला म्हणून मी पानाच्या आत गेले. मार्चमध्ये मी जी सोय केली होती, नव्या आणि बिनफोटोच्या खात्यांनी लिहिलेलं बाजूला टाकायची, ती अडगळ मी गेल्या मे महिन्यापासून उघडली नव्हती. आई गेल्यावर मी ती विसरूनच गेले. आज उघडली. शिव्या होत्याच. त्यांच्यामध्ये 'के. एफ.' नावाच्या एका खात्यातून तीन वेळा लिहिलेलं होतं. ते खातं पहिल्यांदा लिहिलं त्याच आठवड्यात उघडलेलं, फोटो नसलेलं. जसं आहे तसं उतरवते.

२ जून: "मम्मी, तू काळ्यात कित्या? फिडल खंय? पप्पा बरे आसत मां?"

९ जून: "आजपण फिडल नाय. तू अजून काळ्यात. पप्पा गेले आणि माका कोणी कळवूक नाय. इतको परको झालंय मी तुमका?"

१६ जून: "हयसर पप्पांसाठी मीस दिलंय. आता ह्या बघूक माका जमाचा नाय. बरी रव मम्मी."

मावशी, त्याला माझ्या आईचं ठाऊक नव्हतं. मीच पानावर टाकू दिलं नाही. त्याने तुला काळ्यात बघितलं. अंकल कधीच चित्रात नसायचे, त्यांचं व्हायोलिन तेवढं ऐकू यायचं, तेही थांबलं. तुमच्या घरातली रीत त्याला ठाऊक होती, म्हणजे मयत झालंय हे कळलं, कोणाचं ते सांगणारं कोणी नव्हतं. त्या घरच्या मुलाने दुसरं काय समजायचं? आणि तो हाका मारत होता त्या मी केलेल्या सोयीमुळे कोणाला दिसल्या नाहीत. अंकल माळ्यावर जिवंत बसले होते, मावशी. कोणी एवढं कळवलं असतं तर पाच मिनिटांत तो घरी फोन करून रडला असता.

फोटो टाकलेला नाही. खातं अजून चालू आहे, मी त्याला लिहू शकते. काय लिहू ते तू सांग.

वेनेसा


खुरसाची वाडी
१७ फेब्रुवारी २०२५

वेनेसा बाळा,

पत्र मी परसात विहिरीच्या कठड्यावर बसून वाचलं. सोबत कोणी नव्हतं. बरं झालं, मी मोठ्याने ओरडले.

स्वतःला खाऊ नकोस. तुझी आई मेली होती. त्या दिवसांत कोणी तुझ्याकडे पान सांभाळण्याचा हिशेब मागणार असेल तर त्याला माझ्याकडे पाठव.

मी चार दिवस विचार केला. त्याला असं लिही. हो, पप्पा जूनमध्येच गेले. आईचं डोकं ठिकाणावर नव्हतं, तिने कळवलं नाही, चूक तिची. एवढंच. पेद्रूचा फोटो पानावर टाकू नकोस, जानेवारी हा शब्द कुठे येऊ देऊ नकोस.

का ते ऐक. त्याने बापाला एकदा पुरलं आहे. एकटा, परक्या देशात, मिस्सा देऊन. खरं सांगितलं तर त्याला कळेल की तो रडत होता तेव्हा बाप जिवंत होता, आणि पुढे ऑक्टोबरपर्यंत त्याच्यासाठी वाजवत होता. मग तो स्वतःला कधी माफ करणार नाही. माझ्यावर राग धरला तर धरू दे. आईवरचा राग घेऊन माणूस जगू शकतो.

लिलियन मावशी


पुणे
११ मार्च २०२५

लाडक्या मावशी,

तू सांगितलंस तसं लिहिलं. तुझा मुलगा, तुझा शब्द, म्हणून लिहिलं. दोन आठवडे उत्तर नव्हतं. काल आलं. हे बघ:

"मम्मीक सांग, राग नाय. तिचोपण जीव थाऱ्यार नसतलो. ईस्टराक येतंय, सुट्टी मिळाली. पप्पांच्या खुरसार मेणवात लावूची आसा. वेनेसा, एक विचारू? शेवटाक पप्पा माझ्याबद्दल काय बोलले काय? कायपण. शिवी घातली आसली तरी सांग."

तो येतो आहे, मावशी. गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी कुडाळला उतरेल. मी आनंदाने नाचावं की डोकं आपटून घ्यावं ते मला कळत नाही. अंकलच्या क्रुसावर काय लिहिलं आहे? आणि वाडीतल्या प्रत्येकाला जानेवारी ठाऊक आहे. किती जणांची तोंडं धरणार आपण? त्याच्या प्रश्नाला मी अजून उत्तर दिलेलं नाही.

वेनेसा


खुरसाची वाडी
२० मार्च २०२५

वेनेसा बाळा,

क्रुसावर अजून काही लिहिलं नव्हतं. पेंटर चंदन काल ब्रश घेऊन आला. वाडीतल्या तोंडांचं म्हणशील तर मी घराघरांत जाऊन पाया पडणार होते. ख्रिस्त्यांच्या आणि हिंदूंच्याही. सांगितलं असतं तर ते जून म्हणाले असते, एवढी त्यांची माया आहे. चंदनलाही मी जून घालायला सांगणार होते. तो नाव रंगवून झाला आणि तारीख विचारायला माझ्याकडे वळला, तेव्हा माझ्या पिशवीत तुझं पत्र होतं.

शेवटाक पप्पा काय बोलले काय?

बोलला, वेनेसा. मी कोणाला सांगितलं नाही, फादरांनाही नाही. चौदा तारखेच्या सकाळी मी त्याला पेज भरवत होते. दोन घोट घेतले आणि त्याने माझा हात बाजूला केला. म्हणाला, "तेका सांग, मी वाजवणा सोडलंय. आता तरी येवंदे."

केव्हिन ऐकत राहिला नाही कारण व्हायोलिन थांबलं, आणि पेद्रूने व्हायोलिन थांबवलं कारण केव्हिन ऐकत नाही. दोघं एकमेकांची वाट बघत बसले आणि मी दोघांच्या मध्ये पहिल्या बाकावर बसले होते, काळं नेसून.

हे बोलणं जूनमध्ये मेलेल्या माणसाच्या तोंडी बसत नाही, मेअखेरपर्यंत तर पोराने त्याचं व्हायोलिन ऐकलेलं. मी बसवून बघितलं. एखादं गोड वाक्य रचूनही बघितलं, बापाने आशीर्वाद दिला असं. पण पेद्रू आशीर्वाद देणारा माणूस नव्हता, आणि पोराला ते लगेच कळलं असतं. बापाने त्याच्यापुढे हार मानली, आयुष्यभराची वस्तू पेटीत घातली, आणि शेवटचा शब्द त्याच्यासाठी खर्च केला. एवढंच पेद्रूने त्याच्यासाठी मागे ठेवलं आहे. जून लिहिला तर तेही मी गाडून टाकते.

चंदनला १४ जानेवारी घालायला सांगितलं. त्याने विचारलं, "बाई, नक्की मां?" मी म्हटलं, घाल.

केव्हिनला काही कळवू नकोस. कुडाळला तू त्याला घ्यायला जा. वाटेत तो विचारेल, तेव्हा म्हण, मावशी सांगेल. घरी आणू नकोस, सरळ सिमितेरीत, पेद्रूच्या थडग्यापाशी आण. मी खुरसापाशी उभी असेन. तारीख त्याची त्याला वाचू दे. मग पप्पांचं बोलणं त्याला मी सांगेन. त्यानंतर तो माझं तोंड बघेल की नाही, मला ठाऊक नाही.

तू फाटकाशी थांब, परत जाऊ नकोस. तो खाली बसला तर मला एकटीला त्याला उचलता यायचं नाही.

तुझी,
लिलियन मावशी